बाटलीत काय आहे, हे शिपायाला कोण सांगणार?

शाळेचे कुलूप सर्वांत आधी कोण उघडते? मुख्याध्यापक नव्हेत, विज्ञानाचे गुरुजी तर नव्हेतच. शिपाई उघडतो. प्रार्थनेच्या घंटेआधी तासभर सफाईची बाई येते आणि मुलांच्या मुताऱ्या, मुलींचे संडास, शिक्षकांची स्वच्छतागृहे धुऊन काढते. पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या बाया येतात. प्रयोगशाळेचा परिचर आदल्या दिवशीच्या परीक्षानळ्या आणि चंचुपात्रे धुवायला घेतो. घंटा झाली की ही माणसे कुणाच्या डोळ्यांना दिसत नाहीत. स्नेहसंमेलनात त्यांचा सत्कार होत नाही, शाळेच्या वार्षिक अहवालात त्यांचा फोटो छापला जात नाही. मुले त्यांना मामा म्हणतात, मावशी म्हणतात, तेवढाच काय तो जिव्हाळा. पण शाळेत जे जे दाहक आहे, विषारी आहे, जीवघेणे आहे ते ते नेमके याच मामांच्या आणि मावशींच्या हातांतून जाते. त्याबद्दल आज आम्हाला बोलायचे आहे.

एकदा मोजून पाहा. संडासासाठी कॅनमधून आणलेले अ‍ॅसिड. पाण्याच्या टाकीत टाकायची टीसीएल, म्हणजेच ब्लिचिंग पावडर. फिनेल. उंदीर मारायचे औषध. झुरळा-ढेकणांवर मारायची फवारणी. तांदळाला कीड लागू नये म्हणून पोत्यांत ठेवायच्या गोळ्या. प्रयोगशाळेतील सल्फ्युरिक, नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, कॉस्टिक सोडा, स्पिरिट, फुटलेल्या तापमापीतून सांडलेला पारा. यातील निम्म्या वस्तू मूळ डब्यात राहत नाहीत. कॅन मोठा असतो म्हणून अ‍ॅसिड शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून घेतले जाते. त्या बाटलीवर चिठ्ठी नसते, झाकणाला भोक पाडलेले असते आणि ती मोरीच्या कोपऱ्यात, मुलांच्या हाताला येईल अशा जागी उभी असते. मूळ डब्यावरची सूचना बहुधा इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरांत. ती वाचायची कुणी? जिने वाचावी तिला ती भाषा शिकवलेली नाही, आणि ज्यांना ती भाषा येते त्यांनी त्या डब्याला कधी हात लावलेला नाही.

शिक्षकांना निवडणुकीचे प्रशिक्षण मिळते, जनगणनेचे मिळते, नव्या अभ्यासक्रमाचे मिळते. तुमच्या ओळखीच्या कोणत्याही शाळेतील सफाईच्या बाईला विचारा की, बाई, तुला या बाटलीबद्दल कुणी एक तास तरी बसवून काही सांगितले का? ती हसेल. तिचे ते हसणे हाच या लेखाचा विषय आहे.

आता यात धोका तो काय, असे कुणी विचारील. म्हणून रसायनशास्त्राचा एकच धडा साध्या भाषेत सांगतो. संडास पांढराशुभ्र निघावा म्हणून बाई आधी अ‍ॅसिड टाकते. वास जावा म्हणून वरून ब्लिचिंग पावडर टाकते. दोन औषधे टाकली म्हणजे दुप्पट स्वच्छ होईल, हा तिचा हिशेब. पण ही दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१५ मध्ये, बेल्जियमच्या आघाडीवर जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला होता तो हाच वायू. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. खिडकी नसलेल्या चार बाय चारच्या संडासात वाकून घासणाऱ्या बाईच्या नाकातोंडाशी तो साचतो. डोळे जळतात, घसा आवळतो, खोकल्याची उबळ येते, छाती भरून येते. त्रास जास्त असेल तर काही तासांनी फुप्फुसात पाणी होते. घरचे म्हणतात, दमा आहे. डॉक्टर विचारतात, घरी कुणाला दमा होता का? तू कामावर काय वापरतेस, असा प्रश्न तिला क्वचितच कुणी विचारते. पदर नाकाला लावून हा वायू अडत नाही, हेही तिला कुणी सांगितलेले नसते.

दुसरे उदाहरण घ्या. कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ‘किप्स उपकरण’ नावाचे काचेचे पात्र असते. त्यात हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. क्षारांच्या परीक्षणासाठी तो लागतो, विद्यार्थी त्याचे सूत्र पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि गुण मिळवतो. हाच वायू त्याच इमारतीच्या मागे, शाळेच्या शौचटाकीत साचलेला असतो. तेथे तो गुण देत नाही, जीव घेतो. त्याचे प्रमाण वाढले की माणसाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजून माणूस आत उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. एकाच इमारतीत, एकाच वायूबद्दल, एकाला ज्ञान मिळते आणि दुसऱ्याला मरण. हा अपघात कसा म्हणायचा? ही तर व्यवस्था आहे.

या व्यवस्थेचे नाव जात आहे, हे चळवळीच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. जात नुसती कामे वाटत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच उतरंडीवर बसवते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले. त्यात आम्ही एवढेच जोडू इच्छितो की, ही उतरंड कामासोबत कामाविषयीचे ज्ञानही वाटून टाकते. ज्याला रसायन कळते तो त्याला शिवत नाही. जो त्याला शिवतो त्याला ते कळू दिले जात नाही. सातारच्या शाळेत बालपणी बाबासाहेबांना नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसला तर तहान, ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्या शाळेतील पाण्याचा नळ आमच्या हाताला निषिद्ध होता. आज शाळेतील अ‍ॅसिडचा कॅन मात्र बिनदिक्कत आमच्याच हाती दिला जातो. नळ बंद ठेवण्यामागे जी बुद्धी होती तीच कॅन हाती देण्यामागे आहे.

आणि ही बुद्धी केवळ नोकरांपुरती थांबत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात एका निवासी शाळेतील दलित विद्यार्थ्यांना शौचटाकी साफ करायला उतरवल्याचे उघडकीस आले. बातमी झाली, कारवाई झाली. पण एखाद्या शिक्षकाच्या मनात असा विचार येतोच कसा? शौचटाकीत काय असते हे ज्याला माहीत आहे तो शत्रूच्या मुलालाही उतरवणार नाही. ज्याला माहीत असूनही तो उतरवतो, त्याने उतरवायची मुले आधीच जातीने निवडून ठेवलेली असतात.

ज्याच्या हाती काम आहे त्याचे ऐकले नाही तर काय होते, याचा सर्वांत भयंकर दाखला बिहारमध्ये घडला. १६ जुलै २०१३ रोजी सारण जिल्ह्यातील गंडामन गावच्या प्राथमिक शाळेत मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले होते. तेल वेगळेच वाटते, असे स्वयंपाक करणाऱ्या बाईने सांगितले होते आणि तरीही तिला तेच वापरायला लावले, ही गोष्ट त्या वेळी पुढे आली. ती स्वतःही आजारी पडली. २०१६ मध्ये न्यायालयाने मुख्याध्यापिकेला दोषी ठरवून शिक्षा दिली. पण शिक्षेने मुले परत आली नाहीत. आमचा प्रश्न वेगळा आहे. ‘हे विषारी असू शकते, मी हे शिजवणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार त्या बाईला लेखी दिलेला असता तर? कीटकनाशक आणि अन्न एका छताखाली ठेवायचे नाही, हा नियम भिंतीवर लिहिलेला असता तर? कीटकनाशके किती जवळून मारतात हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. तेथेही हातात पंप होता आणि डब्यावरचे अक्षर कुणाला समजावून दिलेले नव्हते.

कायदा काय म्हणतो, तेही पाहू. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायू सुटला. कारखान्याला लागून असलेल्या झोपडवस्तीतील माणसे वाऱ्याच्या दिशेनेच धावत सुटली, कारण कोणत्या दिशेने धावायचे हे त्यांना कधी सांगितलेच नव्हते. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. घातक प्रक्रियेची माहिती कामगारांना देणे मालकावर बंधनकारक झाले आणि धोका दिसला तर इशारा देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. हे हक्क मिळायला हजारो प्रेते पडावी लागली. पण शाळा म्हणजे कारखाना नव्हे, म्हणून हे हक्क शाळेच्या फाटकाबाहेरच राहिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियमाची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. ही संहिता सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांचा विचार करते. दोन शिक्षकी शाळेत झाडू मारणारी एकटी बाई या हिशेबात कशी बसणार? अ‍ॅसिड मात्र दहा कामगार भरण्याची वाट पाहत नाही. ते एकाही हाताला भाजते.

तरीही शाळाचालकांना पूर्ण मोकळे सुटता येणार नाही, एवढे कायदेशीर हत्यार आपल्या हाती आहे. अ‍ॅसिड हल्ल्यांविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये स्पष्ट आदेश दिले. ज्या शिक्षणसंस्था अ‍ॅसिड बाळगतात त्यांनी त्याच्या वापराची नोंदवही ठेवावी, ती उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे सादर करावी, आणि साठ्याची जबाबदारी एका व्यक्तीवर निश्चित करावी. आपल्या तालुक्यातील शाळेत जाऊन ही नोंदवही मागून पाहा. त्याआधी, एप्रिल २००९ मध्ये, कुंभकोणमच्या शाळेत २००४ साली लागलेल्या आगीच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग ठरवला. त्या आगीत ९४ मुले जळून गेली होती. आग आणि इतर आणीबाणीच्या प्रसंगी काय करायचे याचे प्रशिक्षण शिक्षकांना आणि इतर कर्मचाऱ्यांनाही द्यावे, असे त्या निकालात आहे. ‘इतर कर्मचारी’ हे शब्द नीट वाचा. ते आपल्या मामांसाठी आणि मावशींसाठी लिहिलेले आहेत. शौचटाकीत माणूस उतरवणे तर २०१३ च्या कायद्याने गुन्हाच आहे, आणि अशा मृत्यूची भरपाई ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १० लाखांवरून ३० लाख रुपयांवर नेली आहे. या सर्वांच्या मुळाशी बाबासाहेबांचे संविधान आहे. कामगाराच्या आरोग्याचा आणि शक्तीचा दुरुपयोग होऊ नये, हे अनुच्छेद ३९ मध्ये आहे. कामाची स्थिती न्याय्य आणि माणुसकीची असावी, हे अनुच्छेद ४२ मध्ये आहे. कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असे १९९५ साली अ‍ॅसबेस्टॉसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले आहे.

अ‍ॅसबेस्टॉसचा विषय निघालाच आहे, तर अमेरिकेकडे एक नजर टाकू. तेथे १९८६ साली कायदा झाला की, शाळांच्या इमारती अ‍ॅसबेस्टॉससाठी तपासाव्यात आणि ज्या इमारतीत ते सापडेल तेथील सफाई व देखभाल कर्मचाऱ्यांना किमान दोन तासांचे जाणीव-प्रशिक्षण द्यावे. आपल्याकडे गावोगावच्या शाळांवर जे सिमेंटचे पत्रे आहेत, त्यांतील कित्येकांत हेच अ‍ॅसबेस्टॉस आहे. पत्र्याला भोक पाडणारा आणि खाली पडलेला भुसा झाडून काढणारा शिपाई ती धूळ छातीत घेतो. अमेरिकेतच १९८३ साली घातक रसायनांची माहिती कामगाराला देण्याचा नियम झाला आणि १९८७ मध्ये तो कारखान्यांपलीकडे इतर उद्योगांना लागू करण्यात आला. त्याचे चार पाय आहेत: कोणती रसायने आहेत त्याची यादी, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, प्रत्येक रसायनाचे माहितीपत्रक आणि कामगाराचे प्रशिक्षण. सरकारी शाळांतील कर्मचारी या केंद्रीय नियमाबाहेर राहिले, तेव्हा अनेक राज्यांनी स्वतःचे कायदे करून त्यांना आत घेतले. हे कुणाच्या दयेने झाले नाही. कामगारांनी ‘माहीत असण्याचा हक्क’ अशी मागणी करून ते मिळवले. १९६८ मध्ये मेम्फिस शहरात कचरागाडीच्या यंत्रात चिरडून दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार मेले आणि तेथील सफाई कामगारांनी संप पुकारला. त्या संपाला पाठिंबा द्यायला गेलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची तेथेच हत्या झाली. झाडू हाती असलेल्या माणसाची सुरक्षितता हा जगभर सन्मानाचाच लढा राहिला आहे.

आपल्याला तर हा वारसा परदेशातून आणण्याचीही गरज नाही. १९३५ साली बाबासाहेबांनी मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती त्यांच्याच खात्याची. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले, तेव्हा कचेरीत बसून अहवाल मागवला नाही. स्वतः खाणीत उतरले. मजूर कोणत्या हवेत काम करतो हे त्यांना पाहायचे होते. त्यांचे नाव घेणाऱ्या आपल्या आमदारांपैकी, संस्थाचालकांपैकी, प्राध्यापकांपैकी किती जण आपल्या शाळेच्या संडासात पाच मिनिटे उभे राहून तेथील हवा घेतात?

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. शाळेतील शिपायाची कायम नोकरीच आता संपवली जात आहे. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतील चतुर्थश्रेणीच्या पदांऐवजी ‘शिपाई भत्ता’ आणला. कायम शिपाई निवृत्त झाला की त्याची जागा ठोक भत्त्यावरचा माणूस घेणार. पोषण आहार शिजवणाऱ्या बायांचे मानधन २०२३ मध्ये दीड हजारावरून अडीच हजार रुपये झाले, तेही आंदोलने करून. कंत्राटावरचा माणूस आज येतो, उद्या जातो. जुना शिपाई निदान अनुभवाने शिकलेला असे. कोणती बाटली जाळते, हे त्याला भाजलेल्या बोटांनी सांगितलेले असे. नव्या माणसाला तेही नाही. त्याला नेमणारा ठेकेदार म्हणतो, सुरक्षा शाळेने पाहावी. शाळा म्हणते, माणूस ठेकेदाराचा. दोघांच्या मध्ये जो भाजतो तो आपला असतो. म्हणून प्रशिक्षण पदाला जोडू नका, कामाला जोडा. ज्याच्या हाती बाटली, त्याला प्रशिक्षण. मग तो कायम असो, कंत्राटी असो की अर्ध्या दिवसाच्या रोजावरचा असो.

हे प्रशिक्षण म्हणजे काही अवघड विद्या नाही. अ‍ॅसिड आणि ब्लिचिंग पावडर कधी एकत्र करायची नाही. एकाने धुतले की भरपूर पाणी ओतून मगच दुसरे वापरायचे. वायू सुटलाच तर तेथे थांबून पुसत बसायचे नाही, बाहेर मोकळ्या हवेत यायचे आणि मुलांना तिकडे फिरकू द्यायचे नाही. अ‍ॅसिड पातळ करायचे तर पाण्यात अ‍ॅसिड ओतायचे, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीही नाही. डोळ्यांत काही उडाले तर चोळायचे नाही, किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवायचे आणि दवाखाना गाठायचा. कुणी अ‍ॅसिड किंवा फिनेल प्याले तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवायची नाही. जे उतरताना जाळते ते वर येताना पुन्हा जाळते. दवाखान्यात जाताना बाटली सोबत न्यायची. पारा सांडला तर झाडू लावायचा नाही, झाडूने त्याचे बारीक थेंब होऊन पसरतात आणि त्याची वाफ श्वासात जाते. खिडक्या उघडायच्या आणि जाड कागदाने थेंब गोळा करून पाणी असलेल्या झाकणाच्या बाटलीत भरायचे. धान्यातील किडीच्या गोळ्या अन्नाच्या कोठीत ठेवायच्या नाहीत, दमट हवेत त्यांतून जीवघेणा वायू निघतो. खाण्यापिण्याच्या बाटलीत रसायन कधीही भरायचे नाही. शौचटाकीत कुणी सांगितले तरी उतरायचे नाही. एवढे सांगायला किती वेळ लागतो? एक दुपार लागते. आणि शिकवायला माणूस शाळेतच आहे. विज्ञानाचे शिक्षक हे सारे जाणतात. त्यांनी फळ्यासमोर सातवीच्या मुलांना जे शिकवले, तेच एक दिवस मावशींना खुर्चीवर बसवून शिकवायचे आहे.

यावर दोन आक्षेप येतील, ते आम्हाला ठाऊक आहेत. पहिला, ‘त्यांना हे समजणार नाही.’ आमच्या आजोबा-पणजोबांना शिक्षण समजणार नाही, असेच सांगितले जात होते. ज्या बाईला शंभर मुलांच्या खिचडीचे तांदूळ, डाळ आणि मीठ नजरेने मोजता येते, तिला दोन बाटल्या एकत्र करायच्या नाहीत हे समजणार नाही? प्रशिक्षण तिच्या भाषेत द्या, चित्रे दाखवून द्या, प्रश्न विचारू द्या. सही घेण्यापुरते देऊ नका. दुसरा आक्षेप, ‘पैसा नाही.’ रबरी हातमोजे, डोळ्यांचा चष्मा, गमबूट आणि डब्यांवर चिकटवायच्या मराठी चिठ्ठ्या, यांना शाळेच्या रंगरंगोटीपेक्षा कमी पैसा लागतो. स्नेहसंमेलनाच्या मांडवाला पैसा मिळतो, पाहुण्यांच्या शालींना मिळतो, मग हातमोज्यांनाच का मिळत नाही?

आणि आता थोडे आपल्या घरात. चळवळीच्या नावाने चालणाऱ्या शाळा, वसतिगृहे, आश्रमशाळा आज गावोगावी आहेत. त्यांच्या कार्यालयात बाबासाहेबांची तसबीर आहे, दारावर बुद्धाची मूर्ती आहे. त्यांच्या मोरीतही तीच चिठ्ठी नसलेली बाटली उभी आहे की नाही? सरकारकडे मागणी करण्याआधी या संस्थांनी आपल्या घरापासून सुरुवात करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या संघटनांनाही आम्ही विचारतो. वेतनश्रेणी, पदोन्नती, जुनी पेन्शन या मागण्या रास्तच आहेत. पण निवेदनातील शेवटच्या कलमात तरी सुरक्षिततेला जागा का नसावी? पेन्शन घ्यायला छाती शाबूत राहायला हवी. आणि विज्ञान शिकून शिक्षक, डॉक्टर, औषधनिर्माते, इंजिनिअर झालेल्या आपल्या तरुणांना आमचे सांगणे आहे की, तुमच्या आईने किंवा मावशीने ज्या वासात उभे राहून तुमची फी भरली, त्या वासाचे रासायनिक नाव आज तुम्हाला कळते. ते जाऊन तिला सांगा.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. शालेय शिक्षण विभागाने प्रत्येक शाळेतील प्रत्येक शिपाई, सफाई कर्मचारी, परिचर आणि स्वयंपाकी-मदतनीस यांना वर्षातून एकदा, कामाच्या वेळेत आणि पगारी दिवशी, रसायनांच्या धोक्याचे प्रशिक्षण द्यावे. शाळेत कोणती रसायने आहेत त्याची मराठी यादी दर्शनी भागात लावावी. चिठ्ठी नसलेली बाटली शाळेत ठेवणे हा दोष मानावा आणि तो मुख्याध्यापकांच्या नावे नोंदवावा, शिपायाच्या नव्हे. धोका दिसला तर काम नाकारण्याचा हक्क लेखी द्यावा आणि तो वापरणाऱ्याला कामावरून कमी करता येणार नाही, असे जाहीर करावे. कामावर आलेल्या दुखापतीचा खर्च शाळेने किंवा शासनाने करावा, ठेकेदाराकडे बोट दाखवू नये.

शासन हे कधी करील ते करील, तोवर एक काम आपल्या हातात आहे. १४ एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमपत्रिकेत मिरवणूक असते, व्याख्यान असते, भोजनदान असते. येत्या जयंतीच्या आठवड्यात प्रत्येक वस्तीने एक दुपार राखून ठेवावी. आपल्या भागातील शाळांतील मामा आणि मावशींना बुद्धविहारात बोलवावे, पुढच्या रांगेत खुर्च्यांवर बसवावे, आणि वस्तीतील विज्ञानाच्या शिक्षकाने त्यांच्यासमोर रिकाम्या बाटल्या मांडून कशात काय असते ते सांगावे. जाताना प्रत्येकाच्या हाती मराठी चिठ्ठ्यांचा एक संच आणि रबरी हातमोज्यांचा एक जोड द्यावा. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचे कुलूप उघडले जाईल, तेव्हा मोरीतील त्या बाटलीवर पहिल्यांदा नाव लिहिले जाईल, आणि ते लिहिणारा हात ती बाटली रोज वापरणाऱ्याचाच असेल.